‘होमस्टेपती’ नकोत



थंडी ओसरायला लागली की मला फोन यायला लागतात. “भाभी, मुलं पुण्याला गेली, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच पडल्यात. पाहुण्यांना द्याव्यात म्हणतोय. तुम्ही कसं सुरू केलं?” मी आधी एकच विचारते. नोंदणी कुणाच्या नावाने करणार? मग पलीकडे जरा शांतता होते आणि उत्तर येतं, “ह्यांच्याच ना. घर त्यांच्या नावावर आहे.”

गाद्या किती जाड घ्यायच्या आणि न्याहारीला काय द्यायचं हे मी सांगेनच. पण त्याच्या आधी या “ह्यांच्याच ना” वर मला भांडायचं आहे, कारण आपल्या समाजातल्या निदान चार घरांत हा धंदा याच उत्तराने सुरू झाला आणि त्या चारही घरांत बाई आज पूर्वीपेक्षा जास्त दमलेली आहे, हातात मात्र पूर्वीइतकेच पैसे आहेत. म्हणजे भाजीचे.

घरातल्या खोल्या रोजाने पाहुण्यांना देण्याचं काम नेमकं कशाचं असतं ते एकदा बघा. पहाटे साडेचारला उठून सफारीला निघणाऱ्यांना चहा देणं. ते गेले की खोली झाडणं, न्हाणीघर घासणं, चादरी उतरवणं, धुणं, वाळवणं, इस्त्री. पिण्याचं पाणी गाळून, उकळून, गार करून भरून ठेवणं. फोनवर दहा प्रश्नांना गोड उत्तरं देणं. दुपारी कूलरमध्ये पाणी आहे की नाही ते बघणं. यातलं कुठलं काम आपल्या घरचे पुरुष करतात? एक करतात. पाहुणा निघताना अंगणात उभं राहून पैसे घेतात आणि “पुन्हा या” म्हणतात. गडीमाणसांनाही आपण यापेक्षा बरा हिशोब देतो.

यावर लगेच उत्तर येतं की घरात तुझं-माझं काय, पैसा शेवटी घरातच येतो. बरोबर आहे, घरातच येतो. मग तो तुमच्या खात्यातून घरात आला तर काय बिघडतं? घर तेच राहतं ना? ज्याला यात काही फरक वाटत नाही, त्याने फरक पडत नाही असं समजून बायकोच्या नावाने अर्ज करावा. तसं कुणी करत नाही, यावरूनच फरक किती पडतो ते कळतं.

आणि हे नुसतं मानाचं भांडण नाही. सगळा व्यवहार आता पॅन क्रमांकावर चालतो. बुकिंग घेणाऱ्या कंपन्या पैसे ज्याच्या पॅनवर आणि खात्यावर देतात, उत्पन्न त्याचं ठरतं. पाच वर्षं तुम्ही खोल्या सांभाळल्या आणि सहाव्या वर्षी स्वतःच्या नावाने कर्ज मागायला गेलात, तर बँकेच्या लेखी तुम्ही गृहिणी. पाच वर्षांच्या कष्टांचा एक कागद तुमच्याकडे नसतो. मी पहिल्यांदा एका बँकेत गेले तेव्हा समोरच्या साहेबांनी माझा अर्ज उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, “ताई, साहेबांना घेऊन या.” मी म्हटलं, साहेब मीच आहे. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. तीन खेपा घालाव्या लागल्या, पण चालू खातं माझ्या एकटीच्या नावाने उघडून घेतलं, आणि आता त्याच खात्यातली आवक बघून तेच कर्जाचं विचारतात.

सरकारनेही यावेळी दार बाईसाठीच उघडलं आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. २०२३ साली महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. त्यात महिलेच्या मालकीच्या आणि महिलेनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज परत मिळतं. व्याजाचा दर १२ टक्क्यांपर्यंत धरतात. एकूण परतावा साडेचार लाख रुपये होईपर्यंत किंवा सात वर्षं, यातलं जे आधी येईल तोवर. हप्ते वेळेवर भरलेले असले पाहिजेत आणि व्यवसाय पर्यटन संचालनालयाकडे नोंदलेला असला पाहिजे. आपल्यासाठी विभागीय कार्यालय नागपूरला आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर धंदाही त्यांच्याच नावाने हवा असं मुळीच नाही. घरमालकाचं लेखी संमतीपत्र घ्या, कागद कोणते लागतील ते त्या कार्यालयात आधी विचारा आणि व्यवसाय स्वतःच्या नावाने नोंदवा. ज्यांच्या घरात खरंच समजूतदार माणसं आहेत त्यांनी आणखी एक विचार करावा: राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक अधिभाराचा खर्च वेगळा, तो दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात विचारावा. सोन्याच्या एका अंगठीच्या घडणावळीपेक्षा हे स्वस्त पडतं, पण वाढदिवसाला अंगठीच येते.

आता यात जो धोका मला सगळ्यात जास्त वाटतो तो सांगते. व्याज परत मिळतं म्हटल्यावर घरातले पुरुष एकदम स्त्रीवादी होतात. “तुझ्याच नावाने करू!” अर्ज बायकोचा, सही बायकोची, कर्जाची जबाबदारी बायकोची, आणि मोबाईल, पासवर्ड, दर ठरवणं, पैसे काढणं सगळं ह्यांचं. हे चित्र आपण गावोगाव पाहिलेलं आहे. १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, पुढे महाराष्ट्रात निम्म्या झाल्या, आणि त्यातून सरपंचबाईंच्या खुर्चीवर सरपंचपती बसले. आपल्याच तालुक्यात कुणाकुणाचं नाव घ्यायचं! आता त्याच वाटेने होमस्टेपती येतायत. हप्ता थकला तर नोटीस तुमच्या नावाने येणार, हे त्यांच्याही लक्षात नसतं आणि तुमच्याही. तेव्हा बुकिंगचा फोन तुमच्या हातात नसेल आणि खात्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत नसेल तर त्या अर्जावर सही करू नका. “करू नका” असं मी फार कमी वेळा लिहिते.

नवऱ्यांना बोलून झालं, आता आपलं आपण बघू. काही घरांत नाव बाईचंच असतं, पण ते सासूबाईंचं असतं आणि हात सुनेचे असतात. सासूबाई पाहुण्यांशी गप्पा मारणार, पाहुणे जाताना “आजींच्या हातचं जेवण” म्हणून कौतुक लिहून जाणार, आणि आजींनी त्या चार दिवसांत पोळपाटाला हात लावलेला नसतो. मी स्वतः आता सासू आहे, म्हणून हे लिहिण्याचा मला हक्क आहे. सून काम करत असेल तर महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात जाऊ द्या. आणि आपल्या धुण्या-भांड्याच्या मावशी? पूर्वी त्या पाच माणसांच्या चादरी धुवत होत्या, आता पंचवीस माणसांच्या धुतात, आणि पगार मात्र तोच, दिवाळीला एक साडी जास्त. नवऱ्याने केलं तर शोषण आणि आपण केलं तर बचत, असं कसं चालेल? माझ्याकडे मावशींना खोलीमागे वेगळे पैसे आहेत. खोली गेली त्याच दिवशी ते देते.

यानंतर धर्माच्या नावाने घेतल्या जाणाऱ्या हरकती. मंडळात त्यावर दोनदा वाद झाला आणि मला तिथे पुरतं बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहिते.

पहिली हरकत अशी की अतिथी म्हणजे देव, त्याच्याकडून पैसे घेणं पाप. बारा व्रतांतल्या शेवटच्या अतिथिसंविभागाचा दाखलाही दिला जातो. ते व्रत साधू-साध्वींना, सुपात्राला आपल्या अन्नातला वाटा देण्याचं आहे. ऑडिटसाठी आलेल्या बँकेच्या माणसाला फुकट खोली देण्याचं नाही. भद्रावतीला स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या तीर्थाला आपण जातो, धर्मशाळेत उतरतो, तेव्हा खोलीचा नकरा भरतोच ना? तिथे आपल्याला कधी वाटलं नाही की आपला अपमान झाला. घेणारा ट्रस्ट असला की नकरा आणि घेणारी बाई असली की पाप, हे कुठल्या आगमात आहे? जे खरे अतिथी आहेत त्यांच्यासाठी माझं दार आजही उघडं आहे, आणि त्या दिवशी दोन्ही खोल्यांचं बुकिंग बंद असतं.

दुसरी हरकत जास्त अभ्यासू आहे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत ‘भाडीकर्म’ येतं, म्हणून खोली भाड्याने देणं वर्ज्य. शब्द ऐकायला जुळतो, हे खरं. पण टीकाकारांनी दिलेला अर्थ मोबदला घेऊन गाडी-बैलांनी दुसऱ्याचा माल वाहण्याचा आहे, मुक्या जनावराला ओझ्याखाली घालून जगण्याचा आहे. आणि अर्थ ताणून लावायचाच असेल तर सगळीकडे लावू. आपल्याच लोकांचे ट्रक भाड्याने चालतात, ट्रॅक्टर चालतात, बाजारातले गाळे पिढ्यान् पिढ्या भाड्याने दिलेले आहेत. त्याच पंधरांत वनकर्मही आहे, म्हणजे झाडं तोडून केलेली कमाई. आपण राहतो त्या जंगलपट्ट्यात लाकडाच्या व्यवहारात जी घरं उभी राहिली त्यांच्याकडे कर्मादानांची यादी घेऊन कुणी गेलं होतं का? बाईने वरच्या मजल्यावर दोन गाद्या टाकल्या आणि सगळ्यांना पंधराही तोंडपाठ झाली.

खरा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे आणि तो रात्रीच्या जेवणाचा आहे. त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. संध्याकाळची सफारी सूर्यास्ताच्या सुमाराला संपते, पाहुणा घरी येईस्तोवर साडेसात-आठ होतात, भुकेला असतो. आपल्या घरात चौविहार. मी खाणार नाही ते ठीक, पण रांधून वाढू का? करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींचा दोष सारखाच, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं. मी बऱ्याच जणींशी बोलले आणि तीन घरांत तीन रिती दिसल्या. एकीकडे रात्रीचं जेवण नाहीच. बाजूच्या खानावळीचा नंबर देतात. एकीकडे सूर्यास्ताआधी सगळं शिजवून गरम राहणाऱ्या डब्यांत ठेवतात, चूल बंद, पाहुणे आपल्या हाताने घेतात. तिसरीकडे वाढतात आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून स्वतःला काही नियम लावून घेतात. मी पहिली रीत धरली. सरकारची योजनाच मुळी ‘निवास-न्याहारी’ नावाची आहे, रात्रीचं जेवण त्यात कुणी मागितलेलंच नाही, हे मला फार उशिरा नाही, अगदी वेळेवर सुचलं. तुम्ही कुठली रीत धरता हा तुमच्या आणि तुमच्या गुरुमहाराजांमधला प्रश्न. पण जी धराल ती बुकिंगच्या पानावर पहिल्या चार ओळींत लिहा. पाहुणा आठ वाजता उपाशी दारात उभा असताना त्याला धर्म सांगणं याला धर्म म्हणत नाहीत.

कांदा-लसूण-बटाट्याचंही तसंच. त्याबद्दल ओशाळं होऊन “आमच्याकडे ना जरा…” असं बोलू नका. कांद्याशिवायचे पोहे आणि हरभऱ्याचा रस्सा, गोळाभात आणि कढी, तांदळाची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. नागपूर-मुंबईच्या माणसाला हे कुठल्या हॉटेलात मिळतं? बटर पनीर त्याला त्याच्या गल्लीत मिळतं.

“दारू-मटणाशिवाय ताडोबाच्या भागात कुणी येत नाही,” असं मला एका अनुभवी हॉटेलवाल्यांनी सांगितलं होतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. त्या सहा वर्षांत वाघ बघायला येणारे थांबले होते का? शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि हेमलकशाला माणसं जातातच. चोरून मिळत होती, असं म्हणाल. मिळत असेल. मुद्दा एवढाच की वाघासाठी येणारा वाघासाठी येतो. ज्याला गच्चीवर बसून प्यायची आहे तो आपला पाहुणाच नव्हे, आणि तो आला नाही तर आपलं नुकसान नाही, उलट गच्ची वाचते.

आता ज्यावरून माझ्याशी दोघी जणी बोलत नाहीत तो विषय. पाहुण्याचं आडनाव. ताटाचा नियम सांगून झाला, दारूचा सांगून झाला, सगळं मान्य करून माणूस खोली मागतो आणि आपण विचारतो, “तुमचं पूर्ण नाव काय हो?” मग आडनाव ऐकून “त्या तारखांना खोली भरलीय”. हे आपल्या घरांतून होतं, मी ऐकलेलं आहे, आणि हे असत्य आहे. दुसऱ्या महाव्रताच्या भाषेत सांगायचं तर सरळसरळ मृषावाद. माझ्या घरात मांस शिजणार नाही, येणार नाही, हा माझा नियम आहे आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला सारखा आहे. जन्माने कोण कुठला, हा नियम माझा नाही. संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म-जातीवरून कुणाला अडवता येत नाही, असं लिहिलेलं आहे. घरातली खोली हॉटेल ठरते का यावर वकिलांना भांडू द्या. ज्याचे पैसे चालतात त्याचं आडनाव चालत नाही, एवढं मला कळतं आणि तेवढं पुरे आहे. मुंबईत घर नाकारण्यावरून आपल्या समाजाचं नाव वर्तमानपत्रात येतं तेव्हा इथे पोंभुर्ण्यात दुकानात बसलेल्या आपल्या माणसाला गिऱ्हाईक तिरकं बोलतं. माझ्याकडे सगळ्यात स्वच्छ खोली ठेवून गेलेलं कुटुंब एका गोंड शिक्षकांचं होतं. जाताना त्यांनी चादरींच्या घड्या करून ठेवल्या होत्या.

थोडं धंद्याबद्दल, कारण या क्षेत्रात स्वप्नं विकणारे फार झालेत. नकाशावर ताडोबा दाखवून “बंगला बांधा, वर्षभर फुल्ल” असं सांगणाऱ्यांना दारातूनच पाणी देऊन परत पाठवा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ चा, कोअर आणि बफर मिळून सतराशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला. पण मोहर्लीच्या फाटकाजवळ राहणारा माणूस आणि पोंभुर्ण्यात राहणारा माणूस यांचा धंदा एक नाही. आपल्या इथून मोहर्लीला गाडीने तासाभरापेक्षा जास्त लागतो. पहाटे सहाला फाटकावर असायचं तर पाहुणा मोहर्लीतच राहील, ते साहजिक आहे. म्हणून बुकिंगच्या पानावर “ताडोबाजवळ” असं लिहू नका. किती किलोमीटर, किती वेळ, ते स्पष्ट लिहा. शिवाय जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, आणि आठवड्यातला मंगळवार बंद. हे तीन महिने आपल्या चातुर्मासातले, पर्युषणाचे. त्या दिवसांत पाहुणे कमी असणं मला तर सोयीचंच वाटतं, पण कर्जाचा हप्ता पर्युषण पाळत नाही, म्हणून कर्ज घेताना वर्ष नऊ महिन्यांचं धरा.

मग पोंभुर्ण्याला येतं कोण? माझ्या वहीत बघा: तपासणीला आलेले अधिकारी, रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर, परीक्षेची ड्यूटी लागलेल्या शिक्षिका, बांबूकामावर अभ्यास करणारी मुलगी, गावातल्या लग्नाला आलेले आणि नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपायला नको म्हणणारे (हे सर्वांत उत्तम गिऱ्हाईक, यांना न्याहारीही नको असते), मार्कंड्याच्या देवळांना निघालेली आणि वाटेत एक रात्र थांबणारी माणसं. वाघवाले त्यात थोडेच. या लोकांना स्वच्छ न्हाणीघर, चालणारा कूलर, मोबाईल चार्ज करायला पलंगाजवळ बटण आणि शांतता लागते. बांबूचं सुशोभित स्वागतकक्ष लागत नाही. ज्या कंपनीचं नाव आज सगळ्यांच्या तोंडी आहे ती एअरबीएनबी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कशी सुरू झाली माहीत आहे? दोन तरुणांना घरभाडं परवडेना, गावात एका संमेलनामुळे हॉटेलं भरलेली, म्हणून त्यांनी हॉलमध्ये हवा भरायच्या गाद्या टाकल्या. नावातला ‘एअर’ म्हणजे त्या गाद्यांतली हवा. तेव्हा एका खोलीने सुरू करा. खोलीमागे चादरींचे तीन जोड घ्या, एक अंथरलेला, एक धुण्यातला, एक कपाटातला. पांढऱ्याच, म्हणजे डाग लपत नाही आणि पाहुण्याला विश्वास वाटतो. खिडक्यांना जाळ्या आणि पलंगाला मच्छरदाणी. हा हिवतापाचा पट्टा आहे, आणि फवारणीचा डबा दाखवत फिरायचं नसेल तर मच्छरदाणीसारखी अहिंसक वस्तू नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वाळ्याच्या टट्ट्या दरवर्षी नव्या.

एक सूचना मात्र मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आत चिकटवा: पहाटे आणि अंधार पडल्यावर गावाबाहेर पायी फिरायला जाऊ नये. शहरातल्या माणसाला वाघ म्हणजे जिप्सीतून काढायचा फोटो. आपल्या भागात मोहफुलं आणि तेंदूपानं वेचायला गेलेली बाई परत येत नाही, असं होतं. पाहुण्यांना हे सांगायला संकोचू नका, आणि रंगवूनही सांगू नका.

दलाल म्हणतील, सगळे कागद मी करून देतो, पंधरा हजार. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार क्रमांकावर मोबाईलवरून होते. खाण्याचे पदार्थ देणार असाल तर अन्न परवान्याची छोटी नोंदणी. माझ्या वेळी वर्षाला १०० रुपये भरले. जीएसटीच्या नावाने घाबरवतात, तर हिशोब करा: दोन खोल्या, रात्रीला दीड हजार, वर्षाचे ३६५ दिवस एकही रात्र रिकामी गेली नाही तरी १० लाख ९५ हजार होतात, आणि सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. नगरपंचायत आणि पोलीस ठाणं या दोन ठिकाणी स्वतः जा. ठाण्यात एकदा ओळख झाली की एकट्या बाईने खोल्या देण्यातली निम्मी भीती जाते. विजेचा दर घरगुती राहील की व्यापारी होईल, ते महावितरणला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र बघून वहीत नोंद, नाव, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, येण्या-जाण्याची वेळ. ओळखपत्र दाखवायला जो कुरकुरतो त्याला खोली नाही, मग तो कुणाच्या ओळखीने आलेला असो. आणि चुकून कधी परदेशी पाहुणा आला, हेमलकशाला जाणारे येतात अधूनमधून, तर तो आल्यापासून २४ तासांत त्याचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. ते भरायला घरातल्या कुणाची संध्याकाळी दुकानातून यायची वाट बघायला लागू नये, म्हणून त्याचं लॉगिनही पहिल्याच दिवशी आपल्याच नावाने, आपल्याच मोबाईलवर उघडून ठेवा.